वहीतल्या त्रेसष्ट नोंदी: पद रद्द झालेल्या एका प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रकरण

ज्या सकाळी तिचं पद रद्द झाल्याचा मेल आला, तेव्हा तिच्या स्क्रीनवर 640 ओळींचा गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपणार हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, उघडा होता आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कोण बसलंय हे तिला तोंडपाठ होतं. विमा-दाव्यांची एक जुनी संगणक प्रणाली काढून नवी बसवायची होती. काम अठरा महिन्यांचं, टीम पाच, माणसं अडतीस. अकरावा महिना चालू होता. मेलमध्ये लिहिलं होतं, की पुढच्या तिमाहीपासून कंपनी 'प्रोजेक्ट' धरून काम करणार नाही. कायमस्वरूपी प्रॉडक्ट टीम असतील आणि प्रोजेक्ट मॅनेजर हे पद राहणार नाही. ज्यांचं पद जातंय त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या: स्क्रम मास्टर (टीमचे अडथळे दूर करणारा), प्रॉडक्ट ओनर (आधी काय करायचं ते ठरवणारा) किंवा 'अन्य योग्य जबाबदारी'. निवडायला चार आठवडे दिले होते.

मी पूर्वी तिचा वरिष्ठ होतो. नंतर आमचे विभाग वेगळे झाले, पण बोलणं चालू राहिलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. रागावली नव्हती, रडतही नव्हती. एवढंच म्हणाली, "चौदा वर्षं मी जे करत होते ते नक्की काय होतं, हे मला आज सांगता येत नाहीये."

हे सगळं मी तिच्या परवानगीने लिहितोय. नाव, कंपनी आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत. ही गोष्ट 2022 सालची आहे आणि त्यानंतर पुढे दोन वर्षं चाललेली. अशाच पेचात सापडलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत. तिचं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण तिने स्वतःच्या कामाची तपासणी लिहून केली. त्यामुळे काय बदललं आणि कशामुळे बदललं, हे अंदाजाने सांगावं लागत नाही.

ती कुठून आली होती

ती ज्या परंपरेत तयार झाली, ती परंपरा साधीसुधी नाही. गँट चार्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. क्रिटिकल पाथ आणि पर्ट या पद्धती 1950 च्या दशकाच्या अखेरीस आल्या, एक रसायन उद्योगातून आणि दुसरी अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामातून. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट म्हणजे पीएमआय ही संस्था 1969 मध्ये स्थापन झाली. काम आधी पूर्ण समजून घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, कुठला तुकडा कशावर अवलंबून आहे ते ठरवायचं आणि मग ठरल्यापासून किती घसरलो ते मोजत राहायचं, ही या परंपरेची रीत. पीएमआयच्या मार्गदर्शक ग्रंथाची सहावी आवृत्ती 2017 मध्ये आली, तिच्यात 49 प्रक्रिया होत्या. तिला त्या झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी सांगता आल्या असत्या.

अर्न्ड व्हॅल्यूचं, म्हणजे झालेलं काम आणि झालेला खर्च ताडून पाहण्याचं, गणित हा तिच्या हातचा मळ. समजा काम 1000 मनुष्यदिवसांचं आहे, 400 दिवसांच्या मोलाचं काम झालंय आणि खर्च मात्र 500 दिवस झालेत. म्हणजे कार्यक्षमता 0.8. याच गतीने गेलो तर एकूण 1250 दिवस लागतील. हा आकडा ती बाकीच्यांच्या आधी काढायची आणि वर कळवायचीही.

दुसरा प्रवाह 2001 पासून वाहत होता. त्या वर्षी सतरा जणांनी अजाइल, म्हणजे लहान टप्प्यांत काम करत बदल सामावून घेण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, हे त्यातल्या चार मूल्यांपैकी एक. स्क्रम ही अजाइलमधलीच एक कार्यपद्धती. तिच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर. प्रोजेक्ट मॅनेजर हा शब्द तिथे सापडत नाही. कंपनीच्या वरिष्ठांनी यातून सोयीचा अर्थ काढला: मार्गदर्शिकेत पद नाही, म्हणजे त्या पदाचं कामही नाही.

इथे मला थांबून बोलायचंय. मार्गदर्शिका असं म्हणत नाही. ती एका टीमबद्दल बोलते. त्या टीमपुरतं जुन्या मॅनेजरचं काम वाटून दिलेलं असतं: आधी काय करायचं ते प्रॉडक्ट ओनर ठरवतो, रोजचं नियोजन डेव्हलपर स्वतः करतात, अडथळे दूर करायला स्क्रम मास्टर असतो. पण पाच टीम मिळून एकच प्रणाली उभी करत असतील, तर या टीमच्या आणि त्या टीमच्या मधल्या जागेत जे पडतं ते कोणी उचलायचं? आमच्या इथे हा प्रश्न कोणीच विचारला नाही. पद काढून टाकण्याआधी तो विचारायला हवा होता, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

गंमत अशी, की तिची मूळ संस्था पीएमआयसुद्धा तोवर बदलली होती. जानेवारी 2021 पासून पीएमपी या पीएमआयच्या प्रमाणपत्र परीक्षेची रचना नवी झाली: माणसांविषयी 42 टक्के, प्रक्रियांविषयी 50 आणि व्यवसायाच्या भोवतालाविषयी 8. त्यातही जवळपास निम्मी परीक्षा अजाइल किंवा मिश्र पद्धतींवर. त्याच वर्षी ग्रंथाची सातवी आवृत्ती आली आणि 49 प्रक्रियांची चौकट बाजूला सारून 12 तत्त्वं मांडली गेली. तिच्याकडे पीएमपी जुन्या काळातलं होतं. दर तीन वर्षांनी लागणारे 60 विकास-गुण ती नेमाने भरायची, पण वेबिनार ऐकून. बदल कानावर पडले होते. कामात शिरले नव्हते.

पहिली वाट, आणि ती का बंद झाली

तिने स्क्रम मास्टर व्हायचं ठरवलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं आणि सात डेव्हलपरांची एक टीम मिळाली. पहिले सहा आठवडे वाईट गेले.

एका सकाळी मी त्यांच्या स्टँडअपला जाऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटांची बैठक. चार जण खोलीत, तिघे स्क्रीनवर. सगळ्यात तरुण इंजिनिअरने सुरुवात केली, "काल मी नोंदणीचा फॉर्म संपवला, आज मी..." आणि तो सरळ तिच्याकडे बघून बोलत होता. ती मान डोलावून वहीत लिहीत होती. बाकीच्यांपैकी एक जण नखं बघत होता, स्क्रीनवरच्या दोघांनी कॅमेरे बंद ठेवले होते. मग पुढचा. तोही तिच्याकडे बघून. स्टँडअप नावाची ही जुनीच आढावा बैठक होती, फक्त खुर्च्या काढून घेतलेली.

बैठक संपल्यावर टीममधला एक अनुभवी डेव्हलपर तिला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिरकेपणा नव्हता, "तू विचारायची थांबलीस ना, तर आम्ही एकमेकांशी बोलू."

दुसऱ्या दिवशी ती बोलणाऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. स्वतःचा कॅमेराही बंद केला. त्या तरुण इंजिनिअरने सवयीने तिला शोधलं, ती दिसली नाही, तेव्हा तो बोर्डाकडे वळला. बोर्डावरचं एक कार्ड बघून दुसरा म्हणाला, "अरे, हे तर माझ्याकडून अडलंय." एवढंच घडलं. तिला ते लागलं, असं तिने मला नंतर सांगितलं. आपण नसल्यावर काम पुढे सरकलं, हे डोळ्यांनी बघायला धीर लागतो.

तरीही ती भूमिका तिला मानवली नाही. टीममधल्या माणसांना बोलतं करणं, त्यांच्यातला ताण सोडवणं, हे काम जीव ओतून करणारी माणसं असतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तिचं मन मात्र सारखं टीमबाहेर धावायचं. शेजारच्या टीमचं काय चाललंय, तिकडून अमुक गोष्ट कधी येणार, ती उशिरा आली तर इकडे काय कोसळेल. "तुझ्या टीमपुरतं बघ" असं तिला दोनदा सांगण्यात आलं.

वही

तेव्हा मी तिला एक गोष्ट करायला सांगितली. तीन आठवडे एक वही जवळ ठेव. तुझ्याकडे कोणीही काहीही घेऊन आलं, मेल असो, मेसेज असो की चालत आलेलं माणूस, की तीन गोष्टी लिही: कोण आलं, कशासाठी आणि तू नसतीस तर काय झालं असतं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भर. काहीच झालं नसतं असं वाटलं तर 'काही नाही' असंच लिही.

तिने वही काटेकोरपणे भरली. एक नोंद जशीच्या तशी देतो:

"मंगळवार, दु. 3.40. पेमेंट टीममधला मुलगा. म्हणाला, दावा-नोंदणीवाल्यांनी एका फील्डचं नाव बदललं, आम्हाला सांगितलं नाही. दोघांना एका कॉलवर घेतलं, वीस मिनिटं. मी नसते तर: शुक्रवारी टेस्टिंगला कळलं असतं, सोमवार त्यात गेला असता."

तीन आठवड्यांत त्रेसष्ट नोंदी झाल्या. आम्ही दोघांनी बसून त्यांची वर्गवारी केली. नऊ नोंदी नुसती स्थिती विचारणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे तिने बहुतेक ठिकाणी 'काही नाही' लिहिलं होतं. सात नोंदी कुठल्या ना कुठल्या टूलच्या होत्या. पाच किरकोळ. अकरा वेळा तिने कोणतीतरी वाईट बातमी वेळेत वर पोचवली होती. आणि एकतीस नोंदी, म्हणजे जवळजवळ निम्म्या, एकाच प्रकारच्या: एक टीम दुसऱ्या टीमची वाट बघत होती, आणि दुसऱ्या टीमला ते माहीतच नव्हतं.

640 ओळींचा चार्ट? तीन आठवड्यांत तो एकदाही कोणी मागितला नव्हता.

तिला हे पचवायला दोन-तीन दिवस लागले. दर आठवड्याला तो चार्ट अद्ययावत ठेवण्यात तिचा जवळपास एक पूर्ण दिवस जायचा आणि आपलं काम म्हणजे तोच, असं ती धरून चालली होती. पण त्या चार्टच्या निमित्ताने ती रोज पाचही टीमशी बोलायची. त्यातून डोक्यात जे साचलं होतं, त्यासाठी माणसं तिच्याकडे येत होती. चार्ट म्हणजे त्या बोलण्याचा उरलेला गाळ. मला वाटतं, या व्यवसायातल्या पुष्कळ माणसांची गफलत इथे होते. आपण जे कागदावर उतरवतो त्यालाच काम समजतो, आणि कागद यंत्राने किंवा दुसऱ्या पद्धतीने बनायला लागला की पायाखालची जमीन सरकते.

संचालकांशी झालेलं बोलणं

वही घेऊन ती संचालकांकडे गेली. जाण्याआधी आम्ही एक साधं गणित मांडलं होतं. प्रत्येक टीम लीड म्हणत होता, की या तिमाहीचं काम वेळेत होण्याची आमची खात्री ऐंशी टक्के आहे. संचालकांच्या मनात आपसूक तोच आकडा बसला होता: ऐंशी टक्के, म्हणजे ठीक चाललंय. पण रिलीजला पाचही टीमचं काम हजर लागतं. पाच टीम एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर 0.8 ला पाचदा गुणायचं. उत्तर येतं 0.33. तीनातून एकदा.

प्रत्यक्षात टीम इतक्या स्वतंत्र नसतात. एकीचा उशीर दुसरीला लागतो, कधी एकीची मदत दुसरीला सावरते. म्हणून 33 हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे, आणि हे तिने स्वतःच आधी सांगून टाकलं. संचालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग हे बघतंय कोण?"

"आत्ता कोणीच नाही. अनधिकृतपणे मी," ती म्हणाली आणि वही पुढे केली.

तिने पद मागितलं नाही, टीमही मागितली नाही. पाच टीममधली वाट बघण्याची जागा तीन महिने माझ्याकडे द्या, एवढंच मागितलं. भूमिकेला 'डिलिव्हरी लीड' असं नाव मिळालं. 'अन्य योग्य जबाबदारी' या मोघम शब्दांत तोवर काहीच नव्हतं, ते तिने भरलं. मंजुरीला मात्र एक अट होती: हाताखाली माणूस मिळणार नाही आणि कोणाचंही वार्षिक मूल्यमापन ती लिहिणार नाही.

नव्या कामाची हत्यारं

पहिली गोष्ट म्हणजे तिने एका पानाचा फलक केला. त्यावर कामांची यादी नव्हती. फक्त कोण कोणाची, कशासाठी आणि किती दिवस वाट बघतंय, एवढंच. दिवसांचा आकडा रोज आपोआप वाढायचा. पहिल्या आठवड्यात त्यावर एक ओळ अशी होती, की एक टीम दुसऱ्या टीमच्या एका परवानगीसाठी 26 दिवस थांबली होती. परवानगी देणाऱ्या माणसाने ती ओळ बघितली आणि त्याच दुपारी काम केलं. त्याला कोणी आठवणच केली नव्हती. दोन्हीकडचे लोक समजून होते, की समोरच्याला माहीत असणार.

दुसरी गोष्ट वादग्रस्त ठरली. पाचांपैकी एका टीमकडे सरासरी 24 कामं एकाच वेळी चालू असायची आणि आठवड्याला सरासरी 6 पूर्ण व्हायची. रांगांच्या शास्त्रात लिटलचा नियम म्हणून एक नियम आहे. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता 1961 मध्ये दिली. चालू कामांना पूर्ण होण्याच्या गतीने भागलं, की एक काम सरासरी किती काळ आत अडकून राहतं ते मिळतं. 24 भागिले 6, म्हणजे चार आठवडे. यातला एकही प्रोग्रॅमर आळशी नव्हता. प्रत्येक जण तीन-चार कामांत विभागलेला होता आणि म्हणून प्रत्येक काम महिनाभर रेंगाळत होतं. तिने सुचवलं, की एका वेळी 12 च कामं उघडायची.

विरोध टीमकडून झाला नाही, तिच्या व्यवस्थापकाकडून झाला. "म्हणजे माणसं रिकामी बसणार?" हा त्याचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. पहिल्या दोन आठवड्यांत काही जण खरोखरच अधूनमधून रिकामे होते. मग ते दुसऱ्याच्या अडलेल्या कामाला हात लावायला शिकले. नऊ आठवड्यांनी मोजलं तेव्हा चालू कामं 14 वर आली होती, 12 वर नाही. गतीही थोडी उतरून साडेपाचवर आली होती. पण एका कामाचा मुक्काम चार आठवड्यांवरून अडीच आठवड्यांवर आला होता. सूत्रात दोन आठवडे दिसत होते, हाती अडीच लागले, आणि तिने अहवालात अडीचच लिहिलं.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि माझ्या मते तिच्या बदलाचा गाभा हाच आहे.

पूर्वी ती तारीख सांगायची. एकच. आता उरलेल्या शेवटच्या टप्प्यात 60 कामं होती आणि संचालकांना तारीख हवी होती. तिने मागच्या बारा आठवड्यांत किती कामं पूर्ण झाली ते आकडे काढले: 4, 7, 6, 5, 8, 6, 3, 7, 6, 5, 9, 6. सरासरी 6, म्हणजे 60 कामांना 10 आठवडे. आधीच्या काळातली ती इथेच थांबली असती. या वेळी तिने स्प्रेडशीटमध्ये याच बारा आकड्यांमधून सोडतीसारखे आकडे उचलून भविष्यातले आठवडे हजारो वेळा रचून पाहिले. दहा आठवड्यांत संपण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त निघाली. अकरा आठवडे धरले तर दहातून जवळपास नऊ वेळा संपत होतं.

मग तिने वहीतला एक जुना धडा आठवला. साठ कामं साठ राहत नाहीत. मागच्या बारा आठवड्यांत यादीत दर आठवड्याला साधारण एक नवं काम शिरलं होतं. ते धरल्यावर बारा आठवड्यांची शक्यता निम्म्याच्या आसपास आली. तेराची ऐंशीच्या थोडी वर गेली आणि चौदाची नव्वदच्या पुढे. ती बैठकीत म्हणाली, "तेरा ते चौदा आठवडे. दहा हवे असतील तर नवीन काम घेणं बंद करावं लागेल आणि यादीतली कामं कमी करावी लागतील. कुठली कमी करायची ते प्रॉडक्ट ओनर ठरवतील, मी नाही."

बैठकीत कुजबूज झाली. एक जण म्हणाला, पूर्वी तू तारीख द्यायचीस, आता हात राखून बोलतेस. हा आरोप तिला झोंबला. पण तिने आकडे पडद्यावर ठेवले होते, कुठून आले तेही दाखवलं होतं. काम चौदाव्या आठवड्यात संपलं.

तिची चूक

सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. डिलिव्हरी लीड म्हणून पहिल्याच महिन्यात तिने एक घोडचूक केली. एका टीमचं काम आठवडाभर मागे पडतंय हे तिच्या फलकावर दिसलं आणि तिने ते थेट संचालकांच्या कानावर घातलं. टीमला ते वरून कळलं. चौदा वर्षांची सवय होती: धोका दिसला की वर कळवायचं. पूर्वी ती त्या टीमची मॅनेजर होती, त्यामुळे तिने कळवणं म्हणजे टीमनेच कळवणं. आता ती बाहेरची होती. त्या टीमला ते चुगली वाटलं, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं. पुढचे तीन आठवडे त्यांनी फलकावर काहीही भरलं नाही.

ती त्यांच्याकडे गेली, माफी मागितली आणि स्वतःवर एक नियम घालून घेतला: जे दिसेल ते आधी टीमला, वर जायचं असेल तर एक दिवसाने, आणि वर काय जाणार तो मजकूर टीमने आधी वाचलेला असेल. हुकूम चालत नसलेल्या जागी विश्वास हे एकच भांडवल असतं. तिने ते एकदा उधळलं होतं आणि परत जमवायला तिला दोन महिने लागले.

यंत्र आल्यावर

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी खुलं झालं. पुढच्या वर्षभरात आमच्या कंपनीतही बैठकांचा सारांश आपोआप लिहिणारं साधन आलं. तिचा आठवड्याचा अहवाल, ज्यात शुक्रवारची अर्धी दुपार जायची, तो आता काही मिनिटांत तयार होत होता. तिच्याएवढ्याच अनुभवाचे काही जण यामुळे हादरले. ती फारशी हादरली नाही, कारण वहीने तिला आधीच सांगितलं होतं, की नुसती स्थिती विचारणाऱ्या नऊ नोंदींपैकी बहुतेकांपुढे 'काही नाही' लिहिलेलं आहे.

एका शुक्रवारी सारांशात ओळ आली: "जुन्या पॉलिसींचं टेस्टिंग पूर्ण." तिला खटकलं. ती त्या बैठकीत होती. टेस्टरने "हो... झालंच आहे म्हणा ना" असं म्हटलं होतं, आणि म्हणण्याआधी क्षणभर थांबला होता. तिने त्याला फोन केला. दोन चाचण्या राहिल्या होत्या, कारण त्यांना लागणारा जुना डेटा दुसऱ्या टीमकडून आलाच नव्हता. बैठकीत बारा माणसं होती, त्यांच्यापुढे ते सांगायला तो कचरला. सारांशात शब्द बरोबर उतरले होते. तो थांबला होता, ते मात्र उतरलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिने एक शिस्त लावली: ज्याच्या तोंडी विधान आहे त्याने वाचल्याशिवाय सारांश कोणाकडेही जाणार नाही. आणि दाव्यांमधली ग्राहकांची माहिती बाहेरच्या कुठल्याही साधनात टाकायची नाही. यावर ती इतकी ठाम होती, की एका वरिष्ठांनाही तिने अडवलं. साधनाचा तिला राग नाही. धोक्यांच्या यादीचा पहिला मसुदा ती त्याच्याकडूनच करून घेते आणि मग टीमला विचारते, यात काय सुटलंय. कोरा कागद समोर ठेवण्यापेक्षा अर्धवट यादी समोर ठेवली की माणसं जास्त बोलतात, हा तिचा अनुभव.

काय गमावलं

हिशेब एकतर्फी नाही. तिचा वेतनस्तर वर्षभर गोठला. हाताखालची माणसं गेली, मूल्यमापनाचा अधिकार गेला, आणि ज्या दोन मुलांना तिने हाताला धरून घडवलं होतं, त्यांच्या बढतीत तिचा शब्द राहिला नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त लागलं. तिच्याबरोबर ज्यांची पदं गेली त्यातला एक जण प्रॉडक्ट ओनर झाला आणि मनापासून रमला. ग्राहकाला काय हवं यात त्याला आधीपासूनच रस होता, आराखडे तो कर्तव्य म्हणून करायचा. दुसरी एक सहकारी पाच महिन्यांत चार प्रमाणपत्रं मिळवून शेवटी सोडून गेली. उत्तम मॅनेजर होती. तिला कोणी वही धरायला सांगितली नाही. ते मी सांगायला हवं होतं, हे मला अजूनही सलतं. कंपनीने त्या काळात किती जणांनी कुठलं प्रमाणपत्र घेतलं याची मोजदाद ठेवली. कोणाला नेमकं कुठलं काम जमतं याची ठेवली नाही.

तिने स्वतःचा बायोडेटा मागच्या वर्षी नव्याने लिहिला. जुन्यात होतं: "अठरा महिन्यांचा प्रकल्प, पाच टीम, अडतीस जणांचं व्यवस्थापन." नव्यात पहिली ओळ आहे, की एका टीममध्ये कामाचा सरासरी मुक्काम चार आठवड्यांवरून अडीच आठवड्यांवर आणला, आणि कसा आणला ते दोन वाक्यांत. पीएमपी अजून आहे, तिसऱ्या ओळीत. तिने ते चालू ठेवलंय. नव्या रचनेतला व्यवसायाच्या भोवतालाचा भाग तिने या वेळी नीट अभ्यासला, कारण "हे काम वेळेत होईल का" याबरोबर आता तिला "हे काम करायलाच हवं का" असंही विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर देताना ती अजून चाचपडते.

गेल्या महिन्यात कंपनीत पुन्हा घोषणा झाली. पाच टीमच्या तीन होणार. टीम कमी म्हणजे मधल्या जागा कमी. डिलिव्हरी लीडची गरज राहील का, यावर वर चर्चा चालू आहे. तिने मला फोन करून सांगितलं, आणि या वेळी मी काही सुचवायच्या आत म्हणाली, की सोमवारपासून तिने नवी वही घातली आहे. पहिल्या नोंदीचा फोटो पाठवला:

"सोमवार, स. 10.15. दोन टीम लीड, एकत्रच आले. विलीन झाल्यावर रात्री प्रणाली बंद पडली तर फोन कोणी उचलायचा? मी नसते तर: दोघांनीही दुसऱ्यावर सोडलं असतं."